जिवंत पेशींच्या प्रयोगात मायक्रोस्कोपवर निर्णय सोपवताना: कोणते काम कधी करायचे

रात्रभर चालणाऱ्या टाइमलॅप्समध्ये मायक्रोस्कोपने स्वतःच पेशी ओळखावी, हवी ती घटना सुरू झाली की तिथे थांबावे, वेग वाढवावा आणि घटना संपली की पुढे जावे, अशी मांडणी आता आवाक्यात आली आहे. मायक्रोस्कोप चालवणारे मायक्रो-मॅनेजर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून चालवता येते. सेलपोज व स्टारडिस्ट यांसारखी पेशी वेगळ्या काढणारी मॉडेल्सही फुकट आहेत. तरीही नागपुरातल्या ज्या विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलणे होते, त्यांची तक्रार जवळपास एकच असते: स्क्रिप्ट (मायक्रोस्कोपला हुकूम देणारा छोटा प्रोग्राम) दिवसा नीट चालते आणि पहाटे भलत्याच ठिकाणी फोटो काढत बसते.

चूक बहुतेक वेळा मॉडेलमध्ये नसते, कामाच्या क्रमात असते. आधी मॉडेल, मग स्क्रिप्ट, मग मायक्रोस्कोप आणि शेवटी पेशींची तब्येत, असा उलटा प्रवास केला जातो. जो मायक्रोस्कोप कोणताही निर्णय न घेता बारा तास स्थिर राहत नाही, त्याच्या हाती निर्णय देऊ नये. पुढचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत.

उदाहरण एकच धरतो. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी), केंद्रकाला लाल चमकणारे हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन), ४० पट ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची लेन्स). स्क्रिप्टने ३० जागांवर फेरी मारायची, विभाजन सुरू झालेली पेशी हेरायची आणि दर ३० सेकंदांनी तिचा पाठलाग करायचा.

टप्पा १: खोली, वीज आणि उष्णता

स्टेजवरच्या (डिश ठेवायच्या सरकत्या पाटावरच्या) इनक्युबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. खोली २४-२५ अंश सेल्सिअसला असली तर तो पेशी ३७ अंशांवर नीट धरतो. मेअखेरच्या नवतप्यात रात्री दोन वाजता एसी बंद पडला, तर खोलीचे तापमान चढते, त्यात कॅमेरा आणि दिव्याची उष्णता मिसळते आणि डब्यातला पारा ३७ च्या वर जातो. कंट्रोलर तेव्हा हीटर बंद ठेवण्यापलीकडे काही करू शकत नाही. म्हणून वीज गेली-आली की एसी आपोआप सुरू होतो का, हे मुद्दाम मेन स्विच पाडून पाहा. न होणारे एसी बरेच असतात.

एसीचा झोत मायक्रोस्कोपवर येऊ देऊ नका. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना धातूचा सांगाडा आकुंचन-प्रसरण पावतो आणि फोकस त्याच तालात वर-खाली होतो. कूलर तर या खोलीत नकोच. घरात तो मे महिना तारून नेतो, पण इथे ओल आणि धूळ दोन्ही आणतो, आणि लेन्सवर बुरशी धरली की ती काढणे महाग पडते.

मायक्रोस्कोप, कॅमेरा, स्टेज, संगणक, तापमान आणि कार्बन डायऑक्साइडचा कंट्रोलर, सगळे एकाच ऑनलाइन यूपीएसवर घ्या. नुसता संगणक यूपीएसवर असला तर वीज गेल्यावर स्क्रिप्ट चालू राहते, पण स्टेज आपली जागा विसरते. वीज परत आली की स्टेज शून्यापासून मोजू लागते आणि तुमच्या तिसाही जागा सरकतात.

हीटर प्रयोगाच्या किमान दोन-तीन तास आधी लावा. ऑइल ऑब्जेक्टिव्ह वापरत असाल तर त्याला स्वतंत्र हीटर हवा. थंड ऑब्जेक्टिव्ह तेलातून डिशची उष्णता ओढतो, आणि नेमकी तुम्ही पाहता ती जागाच गार पडते.

*तपासा:* कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबू नका. पाणी भरलेल्या डिशमध्ये बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडा, ऑब्जेक्टिव्ह लावलेला असू द्या, आणि तासभर नोंद घ्या.

टप्पा २: डिश आणि मीडियम

इथे फार बोलायचे नाही, पण तीन गोष्टी सोडू नका. ०.१७ मिलिमीटर जाडीचा काचेचा तळ असलेली डिश घ्या. मीडियम (पेशींचे पोषक द्रव) फिनॉल रेड हा रंग नसलेले वापरा, म्हणजे मागचा उजेड कमी होतो. आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडची सोय नाही म्हणून हेपीसवर (मीडियमची आम्लता स्थिर ठेवणाऱ्या रसायनावर) रात्र काढणार असाल तर हे ध्यानात ठेवा: हेपीस, मीडियममधले रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) आणि प्रकाश एकत्र आले की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. प्रकाश जितका जास्त, तितके विष जास्त.

डिश स्टेजवर ठेवून अर्धा-पाऊण तास हात लावू नका. तापमान जुळेपर्यंत फोकस सरकतच राहतो.

टप्पा ३: प्रकाशाचा हिशेब

स्क्रिप्ट थकत नाही, पेशी थकतात. हाताने काम करताना माणूस कंटाळून थांबतो, म्हणून पेशी वाचतात. स्वयंचलित फेरीला ती मर्यादा नाही, म्हणून ती आपणच घालून द्यायची.

पहिली गोष्ट, दिवा नेमका किती वेळ लागतो ते मोजा. सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर ५० मिलिसेकंद लिहिले म्हणजे प्रकाश तेवढाच पडतो असे नाही. शटर सॉफ्टवेअरने उघडत असेल तर पेशींवर कितीतरी जास्त वेळ उजेड राहतो, आणि त्या जादा उजेडातून तुम्हाला एकही पिक्सेल मिळत नाही. उपाय सरळ आहे: कॅमेऱ्याच्या ट्रिगर आउटची केबल थेट एलईडीच्या ट्रिगर इनला जोडा, म्हणजे कॅमेरा उघडा असेल तेवढाच दिवा लागेल. खात्री करायला फोटोडायोड आणि साधा ऑसिलोस्कोप पुरतो. फोटोडायोड नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळावा.

दुसरी गोष्ट, रंगाची निवड. निळा आणि जंबुपार प्रकाश पेशींना जास्त मारतो. होक्स्ट हा केंद्रके रंगवणारा रंग लावून रात्रभर केंद्रके पाहणे म्हणजे जंबुपार प्रकाशाचा मारा आणि डीएनएला चिकटलेला रंग, दोन्ही एकदम. लाल किंवा गडद लाल खूण घ्या.

तिसरी, प्रकाशाची सहनशक्ती ठरवा. एकाच डिशमध्ये चार जागा वेगवेगळ्या तीव्रतेने पाहा आणि पाचवी जागा फक्त सुरुवातीला व शेवटी पाहा. हेला पेशी गोल होण्यापासून दोन होण्यापर्यंत साधारण तासाभरात मोकळी होते. एखाद्या तीव्रतेला हा वेळ लांबू लागला, किंवा न पाहिलेल्या जागेपेक्षा तिथे पेशी कमी वाढल्या, तर ती तीव्रता बाद. पेशींवर फुगे येणे आणि पोकळ्या दिसणे ही फार उशिराची लक्षणे आहेत. तोवर मापे कधीच बिघडलेली असतात.

टप्पा ४: एक मुकी रात्र

आता विश्लेषण न जोडता साधा टाइमलॅप्स चालवा. ३० जागा, दर ५ मिनिटांनी, १२ तास. या रात्रीतून मिळणारा डेटा पुढच्या प्रत्येक टप्प्याला लागतो, त्यामुळे ही पायरी गाळणाऱ्याला पुढे काही तपासताच येत नाही.

आधी साठवणुकीचे गणित करा. २०४८ × २०४८ पिक्सेलचे १६ बिटांचे एक चित्र सुमारे ८.४ मेगाबाइटचे. दोन चॅनेल, ३० जागा, १४४ फेऱ्या म्हणजे ८,६४० चित्रे, म्हणजे ७२ गिगाबाइटच्या वर. हे संगणकाच्या आतल्या एसएसडीवर लिहा. नेटवर्क ड्राइव्हवर थेट लिहू नका, कारण मध्यरात्री नेटवर्क अडखळले की कॅमेराही अडखळतो.

विंडोजचे आपोआप होणारे अपडेट, स्लीप मोड, यूएसबी पोर्टची वीज वाचवणारी सेटिंग आणि अँटिव्हायरसचे रात्रीचे स्कॅन, हे चारही बंद करा.

सकाळी हे पाहा:

- पहिल्या आणि शेवटच्या फेरीत प्रत्येक जागेचा फोकस टिकला का? हार्डवेअर ऑटोफोकस असूनही निसटला असेल तर तेल कमी पडले किंवा बुडबुडा शिरला असे समजा. वॉटर ऑब्जेक्टिव्ह असेल तर पाणी उडून गेले असेल.
- जागा जिथल्या तिथे राहिल्या का? किती मायक्रॉन सरकल्या ते मोजा.
- दोन फेऱ्यांमधले अंतर खरोखर ५ मिनिटेच राहिले का? लिहिलेले अंतर पाहू नका, चित्रांवरची वेळ पाहा.
- पेशी वाढल्या का?

*इशारा:* यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. सरकलेला फोकस मॉडेल सुधारून दुरुस्त होत नाही.

टप्पा ५: पिक्सेलपासून मायक्रॉनपर्यंत

स्क्रिप्टला चित्रात पेशी दिसते पिक्सेलमध्ये आणि स्टेज हलते मायक्रॉनमध्ये. ६.५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा आणि ४० पट ऑब्जेक्टिव्ह असेल, मध्ये दुसरी कुठली लेन्स नसेल, तर एक पिक्सेल म्हणजे ०.१६२५ मायक्रॉन. स्टेज १०० मायक्रॉन सरकवली की चित्र सुमारे ६१५ पिक्सेल सरकले पाहिजे. नाही सरकले तर कॅलिब्रेशन चुकले.

आकडा बरोबर येऊनही दिशा उलटी असू शकते. कॅमेरा थोडा फिरवलेला असतो किंवा चित्र आरशातल्यासारखे उलटलेले असते. ही चूक लपून बसते, कारण पेशी चित्राच्या मध्याजवळ असेल तर उलट्या दिशेने गेल्यावरही ती चौकटीत राहते. म्हणून चारही कोपऱ्यांतला एकेक ठळक ठिपका निवडा आणि ‘हा मध्यावर आण’ असा हुकूम द्या. चारही मध्यावर यायला हवेत.

स्टेजच्या दातऱ्यांत थोडी ढिलाई असते. प्रत्येक जागेवर एकाच बाजूने पोहोचायची सवय स्क्रिप्टला लावा, म्हणजे फरक कमी पडतो.

टप्पा ६: घटना ओळखण्याचा नियम

सर्वांत जास्त घाई इथे होते. आधी साधा थ्रेशोल्ड (ज्या तेजाच्या वरचे पिक्सेल केंद्रक धरायचे तो आकडा) वापरून पाहा. केंद्रके ठळक आणि सुटी असतील तर तो पुरतो आणि क्षणात उत्तर देतो. केंद्रके एकमेकांना चिकटलेली असतील तर स्टारडिस्ट, आणि पूर्ण पेशींची हद्द हवी असेल तर सेलपोज. सेलपोजच्या जुन्या आवृत्त्यांत पेशीच्या व्यासाचा पिक्सेलमधला आकडा महत्त्वाचा असतो. चित्र चौथाई आकाराचे करून दिले आणि व्यास जुनाच ठेवला, तर निकाल कचरा येतो.

ओत्सुसारखा आपोआप ठरणारा थ्रेशोल्ड वापरत असाल तर रिकाम्या जागेपासून सावध राहा. ती पद्धत चित्राचे दोन भाग पाडतेच, मग त्यात पेशी असो वा नसो. रिकाम्या चौकटीत ती कॅमेऱ्याच्या खरखरीलाच केंद्रके ठरवते. त्यासाठी किमान तेजाची एक अट वेगळी घाला.

तेजाचा आकडा कायमचा ठरवून ठेवू नका. रात्रभरात रंग फिका पडतो आणि संध्याकाळी बसवलेला आकडा पहाटे निरुपयोगी होतो. त्या चौकटीतल्या केंद्रकांच्या मध्यक (मीडियन) तेजाशी गुणोत्तर काढा: ‘शेजाऱ्यांच्या इतके पट तेजस्वी आणि शेजाऱ्यांपेक्षा इतक्या प्रमाणात लहान’.

मरणारी पेशीही लहान आणि तेजस्वी दिसते. विभाजनाचा पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्टा सर्वांत जास्त फसतात त्या इथेच. फरक असा की मेलेल्या केंद्रकाचे तुकडे होतात, ते तासन्‌तास तसेच राहते किंवा तरंगत सरकते. त्यावर दोन उपाय करा. एक, सलग दोन फेऱ्यांत अट पूर्ण झाली तरच ट्रिगर (पाठलाग सुरू करायचा हुकूम) द्या, आणि त्याआधीच्या फेऱ्यांत तीच पेशी पसरट व साधी दिसली होती का, हे मागे जाऊन पाहा. दोन, फार पूर्वीपासून तेजस्वी असलेल्या पेशी यादीतून काढून टाका. दोन फेऱ्यांच्या अटीची किंमतही मोजा: ५ मिनिटे उशीर होतो, आणि विभाजनाचा पहिला भाग हुकतो. तोच भाग हवा असेल तर फेऱ्यांमधले अंतर कमी करा, अट सैल करू नका.

टप्पा ७: जुन्या रात्रीवर तालीम

मुक्या रात्रीची चित्रे आता स्क्रिप्टला एकेक करून, वेळेच्या क्रमाने दाखवा. प्रत्येक चित्रानंतर तिने निर्णय सांगावा, आणि तो तुम्ही डोळ्यांनी ठरवलेल्या उत्तराशी ताडून पाहा.

इथे एक फसवणूक नकळत होते. पूर्ण फिल्मचे सर्वांत जास्त तेज काढून त्याने सगळ्या चित्रांना भागले, किंवा पुढच्या फ्रेम पाहून पेशींचा माग जोडला, तर स्क्रिप्ट भविष्य पाहून उत्तर देत असते. प्रत्यक्ष रात्री भविष्य उपलब्ध नसते, आणि तालमीतले गुण तिथे घसरतात. स्क्रिप्टला आतापर्यंतचीच चित्रे मिळतील अशी व्यवस्था कोडमध्येच करा.

किती चुका चालतील हे पेशींच्या गणितावर ठरवा. एका चौकटीत ४० पेशी धरल्या तर ३० जागांवर १,२०० होतात. हेला पेशींचे चक्र २२ तासांचे धरले तर तासाला चाळीसच्या आसपास विभाजने सुरू होतात, म्हणजे प्रत्येक पाच मिनिटांच्या फेरीत तीनेक. घटनांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो पाठलागाच्या जागांचा. अशा वेळी काही विभाजने सुटली तरी चालतील, पण चुकीची पेशी नको, कारण ती एक जागा तासभर अडवते. तुमची घटना दुर्मीळ असेल, रात्रीत दोन-चारदाच होणारी, तर हाच विचार उलटा करा.

टप्पा ८: वेळेचे वेळापत्रक

एका जागेला स्टेज हलणे, स्थिरावणे, फोकस आणि दोन चित्रे मिळून २ सेकंद धरा. ३० जागांना ६० सेकंद लागतात. पाठलागातल्या एका पेशीला वेगवेगळ्या खोलीवरची ११ चित्रे घ्यायला, ये-जा धरून, ४ सेकंद, म्हणजे तीन पेशींना १२.

कागदावर हे ५ मिनिटांत आरामात बसते. पण पाठलाग दर ३० सेकंदांनी हवा आणि फेरी ६० सेकंद सलग चालते, म्हणजे फेरीच्या काळात पाठलाग हुकणार. फेरीचे पाच-पाच जागांचे सहा तुकडे करा. एक तुकडा १० सेकंद, मग पाठलाग १२ सेकंद, एकूण २२. तीस सेकंदांत ८ सेकंद शिल्लक राहतात आणि सहा तुकड्यांत, म्हणजे ३ मिनिटांत, फेरी पूर्ण होते.

विश्लेषण या रांगेत अडकू देऊ नका. चित्र काढणारा भाग वेगळा, विश्लेषण करणारा वेगळा, आणि दोघांमध्ये कामांची रांग, अशी रचना ठेवा. मायक्रो-मॅनेजर पायथनमधून चालवणाऱ्या पायक्रो-मॅनेजर आणि पायएमएमकोर-प्लस या दोन्हींत पुढची कामे चालू प्रयोगात घालता येतात. वेळ मोजताना सरासरी पाहू नका, सर्वांत वाईट वेळ पाहा. पेशी दाट झाल्या की विश्लेषण मंदावते. मॉडेल पहिल्यांदा ग्राफिक्स कार्डवर चढायला जास्त वेळ घेते, म्हणून प्रयोगाआधी एक कोरे चित्र देऊन ते जागे करून ठेवा.

टप्पा ९: ब्रेक

मायक्रो-मॅनेजरसोबत खोटा कॅमेरा आणि खोटी स्टेज असलेले डेमो कॉन्फिगरेशन येते. पूर्ण स्क्रिप्ट आधी त्यावर चालवा आणि मुद्दाम मोडा: विश्लेषण मध्येच बंद करा, रिकामे चित्र द्या, एकाच फेरीत पन्नास पेशी सापडल्याचे सांगा. मग खऱ्या मायक्रोस्कोपवर, पेशींशिवाय, चमकणारे सूक्ष्म मणी टाकलेल्या डिशवर तेच करा.

स्क्रिप्टमध्ये हे असलेच पाहिजे:

- स्टेज आणि फोकसच्या हद्दी. डिशच्या कडेला ऑब्जेक्टिव्ह आपटू नये.
- प्रत्येक जागेसाठी प्रकाशाची कमाल मर्यादा. ती संपली की जागा बंद.
- एका पेशीच्या पाठलागाची कमाल वेळ, उदाहरणार्थ ९० मिनिटे.
- पेशी एका फेरीत २० मायक्रॉनपेक्षा जास्त ‘उडाली’ तर ती हरवली असे धरणे. बहुधा स्क्रिप्ट शेजारणीवर गेलेली असते.
- विश्लेषण ठरावीक वेळेत उत्तर देईनासे झाले तर साध्या टाइमलॅप्सवर परतणे. कोणत्याही चुकीच्या वेळी दिवा बंद.

*इशारा:* रात्री ऑब्जेक्टिव्ह आपोआप बदलण्याचा मोह टाळा. कोरड्या ऑब्जेक्टिव्हवरून ऑइलवर जाताना तेल कोण घालणार, आणि परत येताना डिशच्या तळाला लागलेल्या तेलातून कोरडा ऑब्जेक्टिव्ह काय पाहणार? एकच ऑब्जेक्टिव्ह ठेवा. फेरीत बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणे) करून कमी प्रकाश द्या आणि पाठलागात पूर्ण बारकावा घ्या.

टप्पा १०: पहिली खरी रात्र आणि तिचे नियंत्रण

स्क्रिप्टने निवडलेल्या पेशी म्हणजे डिशमधला निःपक्ष नमुना नव्हे. तेजस्वी, सुट्या, मध्यावरच्या पेशी तिला जास्त आवडतात. त्यामुळे पाठलागाच्या तीनपैकी एक जागा चिठ्ठी टाकून निवडलेल्या पेशीला द्या. पाठलागात प्रकाश जास्त पडतो, तो परिणाम वेगळा काढायला या पेशीवरही तेवढाच प्रकाश द्या. डिशमध्ये एक कोपरा असा ठेवा जिथे स्क्रिप्ट कधीच जात नाही, आणि सकाळी तिथल्या पेशी मोजा. औषधाचा परिणाम तपासत असाल तर औषध नसलेल्या डिशवर तीच स्क्रिप्ट, त्याच आकड्यांसह चालवावी लागेल.

प्रत्येक निर्णयाची ओळ लिहून ठेवा: वेळ, जागा, पेशीचा क्रमांक, आकार आणि तेजाचे आकडे, कोणती अट लागली, काय केले. ‘काही केले नाही’ हाही निर्णय आहे, तोही लिहा. चित्रे मूळ स्वरूपातच साठवा, विश्लेषणासाठी लहान केलेली नव्हेत.

पहिले दोन तास समोर बसून पाहा, पण हात लावू नका. ट्रिगर चुकला तरी थ्रेशोल्ड चालू प्रयोगात बदलू नका. तसे केले तर अर्धी रात्र एका नियमाने आणि अर्धी दुसऱ्या नियमाने निवडलेली होते, आणि ती विश्लेषणात एकत्र घेता येत नाही. दिवा मर्यादेबाहेर लागला, फोकस निसटला किंवा तापमान चढले, तरच थांबवा.

सकाळी लॉगमधले सगळे ट्रिगर त्या-त्या चित्रांशी लावून पाहा आणि चुकांचे गट पाडा: मेलेली पेशी, चिकटलेली केंद्रके, फोकस, खोटी उडी. सर्वांत मोठ्या गटासाठी एकच बदल करा, तो मुक्या रात्रीच्या आणि कालच्या रात्रीच्या चित्रांवर टप्पा ७ प्रमाणे तपासा, आणि मगच पुढची डिश लावा. स्क्रिप्टची आवृत्ती, अटींचे आकडे आणि चिठ्ठीने निवडलेल्या पेशींची मापे त्या रात्रीच्या फोल्डरमध्येच ठेवा. शोधनिबंधाच्या पद्धती विभागात हे तिन्ही द्यावे लागते आणि सहा महिन्यांनी ते आठवणीतून लिहिता येत नाही.